नोटीस वाचून दाखवली तर कळते, तरीही ‘ही आमची कोंकणी न्हय’. असं का?

देशावरचा:

नमस्कार मंडळी. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन मडगावला आलो, इथल्या एका बँकेत काउंटरवर बसतो. कोकणी बोलता अजून धड येत नाही, पण समजते बऱ्यापैकी.

नोव्हेंबर हा आमच्याकडे पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला द्यायला म्हातारी माणसं बँक उघडायच्या आधीपासून पायऱ्यांवर येऊन बसतात. तासाभराने नंबर लागतो आणि मग कळतं, की आधार कार्ड घरी राहिलंय किंवा पासबुक जुनं आणलंय. परत बसने गावी, परत उद्या. मला ते बघवेना. म्हणून ठरवलं, कोकणीत एक नोटीस लिहून दारातच लावायची. फोंड्याच्या सहकाऱ्याकडून मजकूर तपासून घेतला आणि जाड मार्करने मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिली. काय काय आणायचं, किती वाजता यायचं, कुणाकडे जायचं, सगळं.

दुसऱ्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक आंटी आल्या. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात छत्री. नोटिशीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘मराठींत कित्याक बरयलां?’’ म्हटलं, आंटी, मराठी नाही, कोकणीच आहे. मग बाहेर येऊन मीच त्यांना वाचून दाखवली. माझे उच्चार कसेही असले तरी प्रत्येक ओळीला त्या मान हलवत होत्या. एके ठिकाणी मी अडखळलो तर पुढचा शब्द त्यांनीच सांगितला. सगळं संपल्यावर माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, ‘‘बरें वाचलें, पुता. पूण ही आमची कोंकणी न्हय.’’

मग पिशवीतून एक साप्ताहिक काढून दाखवलं. रोमन लिपीतलं. म्हणाल्या, ही आमची. आता गंमत बघा, त्यातली सगळी अक्षरं मला येतात, पण पहिलीच ओळ मला वाचता येईना. जिकडेतिकडे एक्स, शब्दाशब्दाच्या शेवटी एम.

रात्री झोपताना तेच डोक्यात होतं. कानाने ऐकली तर ती त्यांची भाषा, शब्दसुद्धा त्याच पुरवतात, आणि कागदावर आली की परकी होते, ती का? यात धर्माचा भाग आहे का, असं विचारलं तर कुणाला दुखावल्यासारखं होईल का? आणि माझा रोजचा प्रश्न: ती नोटीस ठेवू, काढू, की काय करू?

---

मोडीवेडा (पुणे):

प्रश्न चांगला आहे आणि तो आपल्या मराठीच्याही अंगाला चिकटलेला आहे, म्हणून लिहितो.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून आले. हयातीतला बराच काळ तुम्ही आज जिथे नोकरी करता त्याच सासष्टीत राहिले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली मडगावजवळच्या राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, ओवीबद्ध. छापलं मात्र रोमन लिपीत. ते मराठी नाही असं आजवर एकाही अभ्यासकाने म्हटलेलं मी वाचलं नाही.

रोमन का, याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. १६०८ साली त्यांनी आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात, की या प्रांतात इथल्याच भाषेत आणि इथल्याच अक्षरांत पुस्तकं छापली जावीत अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे. अडचण काय, तर युरोपातल्या चोवीस अक्षरांच्या जागी इथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. आपली जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या धरून सहाशे. ते साचे झाले नाहीत. म्हणजे ज्याला आज कुणी ‘पोर्तुगिजांची लिपी’ म्हणतो ती इथे रुजायला शिशाच्या खिळ्यांचाही हात लागलेला आहे.

अजून एक. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीतलं पहिलं नियतकालिक म्हणून ज्याचं नाव घेतात ते ‘उदेंतेचें साळक’ १८८९ साली निघालं ते आमच्या पुण्यातून. इथे पेठेत कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

आणि आपलं म्हणाल, तर माझ्या आजोबांना शाळेत मोडी होती. त्यांचे जमिनीचे कागद माझ्या वडिलांना वाचता आले नाहीत. मला ते वाचायला वयाच्या चाळिशीत वर्ग लावावा लागला. आपल्याच आजोबांचं अक्षर परक्याला पैसे देऊन वाचून घ्यायचं, हे आपण मराठी माणसांनी निमूट गिळलं. त्या आंटींनी नाही गिळलं, एवढाच फरक मला दिसतो.

---

सासष्टीचें चेडूं:

देशावरचे दादा, तुम्ही विचारलंत त्याने मला मुळीच दुखावलं नाही. उलट तुम्ही बाहेर येऊन वाचून दाखवलीत हे वाचून बरं वाटलं. मी मडगावपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावातली, ख्रिस्ती घरातली. गेली पंधरा वर्षं मुंबईत नर्स आहे. मराठी इथे वॉर्डात पेशंटांशी बोलून पक्की झाली. पण मराठी वाचता का येते, त्याचीच गोष्ट सांगते, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात येईल.

मी १९९० च्या बॅचची. त्या वर्षी गोवा सरकारने ठरवलं, की प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते मातृभाषेतून शिकवलं तरच. तोपर्यंत चर्चच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या होत्या. त्यांनी माध्यम बदलून कोकणी केलं. मी नेमकी तेव्हा पहिलीत गेले. पुस्तक हातात आलं ते कोकणी, देवनागरीत.

माझी आई चौथी शिकलेली. पण वाचायची भारी आवड. पिलारहून निघणारं ‘वावराड्यांचो इश्ट’, १९३३ पासून चालू असलेलं, आमच्याकडे दर आठवड्याला यायचं आणि आई ते मासळी साफ करायला बसायच्या आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना मोठ्याने वाचूनही दाखवायची. वाचायला शिकली होती ती आपल्या आईकडून आणि चर्चमधल्या दोतोर्नच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात. सगळं रोमीत. गावात कुणाचं सरकारी पत्र आलं, कुणाचा मुलगा गल्फमधून लिहायचा, की माणसं आमच्या ओसरीवर यायची.

आणि त्या बाईच्या हातात मी माझं पहिलीचं पुस्तक दिलं. अजून आठवतं, तिने ते उघडलं, पान उलटलं, परत मागे आली, चित्रावर बोट ठेवलं आणि मग मिटून माझ्याकडे दिलं. म्हणाली, ‘‘तूं वाच. हांव आयकतां.’’

माझी आई त्या दिवशी माझ्या शाळेच्या लेखी अडाणी झाली. तिला काहीच झालं नव्हतं, डोळे तेच होते, भाषा तीच होती.

ती हरणारी नव्हती पण. शंभर पानी वही आणली. रोज संध्याकाळी मी धडा वाचायचा आणि तिने तो ऐकून रोमीत उतरवून घ्यायचा. असं करत माझं अख्खं पहिलीचं पुस्तक तिने आपल्या अक्षरांत लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी डिक्टेशन असलं की ती वहीतून वाचायची आणि मी देवनागरीत लिहायची. बरोबर की चूक हे तिला दिसायचं नाही, म्हणून मी लिहिलेलं परत मीच वाचायचं आणि ती कानाने तपासायची. पुस्तकातली भाषाही आमच्या घरच्यासारखी नव्हती, कारण प्रमाण म्हणून धरली ती फोंड्याकडची, अंत्रुजी. आम्ही म्हणायचो इस्कोल, पुस्तकात शाळा. आमचं लिसांव, तिथे पाठ. आमचा लाप्स, तिथे पेन्सील. आमचं ‘करुंक’ तिथे ‘करप’ झालेलं. आई वहीत पुस्तकातला शब्द लिहायची आणि बाजूला कंसात आमचा. तिच्या लेखी तो माझ्यासाठी शब्दकोश होता.

पाय (आम्ही वडिलांना पाय म्हणतो) तारवटी, म्हणजे बोटीवर. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात. आईची चिठ्ठी त्यांना रोमीत जायची. पहिलीच्या शेवटी मी हट्ट केला की माझी चिठ्ठी मीच लिहिणार, शाळेतल्या अक्षरांत. तीन ओळी होत्या. ‘पाय, तूं केन्ना येतलो?’ (तू कधी येणार?) ही त्यातली एक. चिठ्ठी पोचली आणि पायना वाचता येईना. तेव्हा बोटीवर रत्नागिरीकडचे एक खलाशी होते, त्यांच्याकडे पाय ती घेऊन गेले. ते काका अक्षरं वाचत होते आणि त्यांना अर्थ पुरता कळत नव्हता. पायना अर्थ कळत होता आणि अक्षरं वाचता येत नव्हती. डेकवर बसून दोघांनी मिळून माझ्या तीन ओळी वाचल्या. पाय घरी आले तेव्हा हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मुलीने लिहिलं याचा आनंद होता आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं याचं वाईटही वाटलं होतं.

दादा, तुम्ही त्या आंटींसाठी बाहेर आलात तेव्हा तुम्ही ते रत्नागिरीचे काका झालात.

आता धर्माचं. आमची मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लॅटिन सोडून कोकणीत आली तीही रोमीतच. घरचं लग्नाचं आमंत्रण, मेलेल्याची बातमी, माझ्या आजीच्या कबरीवरच्या दगडावरची ओळ, सगळं त्याच अक्षरांत. तियात्र, म्हणजे आमचं गाण्यांसकटचं कोकणी नाटक, १८९२ पासून मुंबईत आणि गोव्यात चालू आहे, त्याचं लिखाणही रोमीत. म्हणून त्या लिपीला हात लावला की आम्हाला आमच्या आजीच्या दगडाला हात लावल्यासारखं होतं. पण लिपी म्हणजेच धर्म असंही नाही. मोन्सिन्योर दालगादो आमचेच पाद्री, बारदेशातल्या आसगावचे. त्यांनी १८९३ साली कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश छापला त्यात कोकणी शब्द देवनागरीत दिलेत. माझ्या शाळेतल्या ख्रिस्ती टीचर फळ्यावर इतकी सुंदर देवनागरी लिहायच्या, की माझं आजचं अक्षर त्यांचं आहे.

मला एक गोष्ट मात्र खूप लागते. कुणी म्हणतं, रोमी ही गुलामीची खूण. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं होतं, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. आमच्या पूर्वजांनी ती टाकली नाही. वरून हुकूम आला तरी घरात, प्रार्थनेत, गाण्यात कोकणीच ठेवली आणि हाताला जी अक्षरं मिळाली त्यांत ती लिहीत राहिले. त्यांना गुलाम म्हणू नका.

नोटीस काढू नका. तिच्या खाली रोमीत तोच मजकूर लिहा. नियम अगदी थोडे आहेत. श लिहायचा तो एक्सने. शब्दाच्या शेवटी नाकातला उच्चार आला, जसा ‘गोंयचें’मध्ये, तर एम. आणि ट, ड, ण, ळ या जिभा वळवून म्हणायच्या अक्षरांना इंग्रजी अक्षर दोनदा. एक टी म्हणजे त, दोन टी म्हणजे ट. मजकूर इथे टाका, मी रात्रपाळीला आहे, सकाळपर्यंत करून देते. आणि ‘पेन्शन’च्या जागी ‘पेन्सांव’ लिहा, आंटींना जास्त जवळचं वाटेल.

---

अंत्रुजकार:

बाय, तुझं लिहिणं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. मी फोंड्याचा. वय साठीच्या पुढे. ज्यांनी देवनागरीसाठी आग्रह धरला त्यांतलाच एक, म्हणून माझी बाजू प्रामाणिकपणे मांडतो.

देशावरचे, तुम्हाला त्या काळाची कल्पना यावी म्हणून सांगतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. दोन पानं ३४ हजार मतांच्या फरकाने जिंकली. पण ‘कोकणी ही मराठीची बोली, तिला कसली आलीय लिपी आणि कसलं साहित्य’ हे आम्ही त्यानंतरही वीस वर्षं ऐकत होतो. साहित्य अकादमीने १९७५ साली स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली तरी ऐकत होतो. आमच्या स्वतःच्या घरात वर्तमानपत्र मराठी, भजनं मराठी, पत्रव्यवहार मराठी, आणि बोलणं कोकणी. हिंदू घरांची ती रीतच होती. शणै गोंयबाबांनी मुंबईत बसून देवनागरीत कोकणी गद्य लिहिलं तेव्हा आमच्यासारख्यांना पहिल्यांदा कळलं, की आपण जेवताना बोलतो ती भाषा पुस्तकातही बसते. १९४६ साली ते गेले. ९ एप्रिल, त्यांचा स्मृतिदिन, आम्ही आजही कोकणी दिवस म्हणून पाळतो.

म्हणून देवनागरी. एक लिपी, एक शाळा, एक पाठ्यपुस्तक. पेडण्याचा मुलगा आणि काणकोणचा मुलगा एकच ओळ वाचेल. कोकणी बोलणारे २०११ च्या जनगणनेत साडेबावीस लाख. एवढी मूठभर माणसं आणि त्यांचे तीन-चार लिप्यांत तुकडे. माझ्या मित्राच्या कथासंग्रहाच्या पाचशे प्रती चार वर्षं त्याच्या पलंगाखाली पडून आहेत. सासष्टीतल्या वाचकाला त्या वाचता येत नाहीत, आणि सासष्टीतली उत्तम कादंबरी माझ्यापर्यंत येत नाही. हे दुखणं खरं आहे की नाही?

पण एक गोष्ट मी कबूल करतो. १९८६ च्या डिसेंबरात भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा ‘कोंकणी पोरजेचो आवाज’ या संघटनेच्या मोर्चात माझ्या शेजारी सासष्टीची माणसं होती. रापणकार (रापणीने मासे धरणारे), पदेर (पाव भाजणारे), तियात्रिस्त. सात जणांचा जीव गेला. ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेत राजभाषेचा कायदा मंजूर झाला आणि आम्ही रस्त्यावर नाचलो. त्या कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोकणी, अशी व्याख्या आहे. माझ्या शेजारी घोषणा देऊन घसा बसलेल्या माणसाला आपली भाषा राजभाषा झाल्याचा कागद वाचता येणार नव्हता. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. सुचायला हवं होतं.

तरीही मुलांना शाळेत देवनागरी शिकवावी हे माझं मत कायम आहे. आईच्या वहीचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

कोडियाल:

मी मंगळूरचा, सारस्वत, सध्या डोंबिवलीत. आमच्याकडचं थोडं सांगतो, कारण गोव्यातलं भांडण ऐकून लिपी धर्माप्रमाणे वाटली गेलीय असं वाटतं, आणि आमच्याकडे तसं नाही. मंगळूरला सारस्वत काय आणि कॅथलिक काय, दोघंही कोकणी लिहितात कन्नड लिपीत. कॅथलिकांचं ‘राकणो’ साप्ताहिक १९३८ पासून कन्नड लिपीत निघतं. शाळा कन्नड, म्हणून लिपी कन्नड. भटकळच्या नवायत मुसलमानांची कोकणी उर्दूसारख्या अक्षरांत, कोचीच्या आमच्या नातेवाइकांची मल्याळममध्ये.

माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. वडील म्हणाले कन्नडमध्ये, तीच आमची. मुंबईचे काका म्हणाले देवनागरीत, तीच आमची. कोचीची आत्या म्हणाली, मला दोन्ही नकोत, फोन करून तारीख सांगा. शेवटी एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी छापली. मजकूर अक्षरशः एकच. माझे वडील देवनागरीतली कोकणी बघून म्हणतात, हे हिंदी दिसतंय. तुमच्या आंटींना ती मराठी दिसली. ज्याने त्याने ती लिपी पहिल्यांदा जिथे पाहिली, तिथलीच ती भाषा वाटते.

आणखी एक आठवलं. डचांनी केरळातल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ छापला, त्याचा पहिला खंड १६७८ चा, ॲम्स्टरडॅमचा. त्यात आमच्या तीन कोकणी वैद्यांचं, रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट यांचं, कोकणीतलं निवेदन आहे, नागरी अक्षरांत. मल्याळम मुलखात राहणाऱ्यांनी नागरीत लिहिलं, आणि त्याच शतकात गोव्यात रोमनमध्ये छापलं जात होतं. कुठली मूळची यावर भांडायला बसलं तर रात्र पुरायची नाही.

अंत्रुजकार, तुमची एका लिपीची तळमळ समजते. पण साहित्य अकादमी देवनागरीच धरून चालते, आणि माझे एक मामा कन्नड लिपीत चाळीस वर्षं कविता लिहीत आले. त्यांना कुणीतरी म्हणालं, देवनागरीत करून द्या, मग बघू. ते म्हणाले, माझ्या कवितेचं अक्षर माझ्या हाताला माहीत आहे. करून दिलं नाही.

---

सासष्टीचें चेडूं:

@अंत्रुजकार, तुमी कबूल केलंत, देव बरें करूं. मला राग नाही. देवनागरी मला मिळाली म्हणून मी आज या संकेतस्थळावर लिहिते, पेशंटच्या केसपेपरवर मराठीत लिहिलेली तक्रार वाचते, आणि तुमच्या मित्राचा कथासंग्रहही वाचू शकते. पत्ता कळवा, त्या पाचशेतली एक प्रत मी विकत घेते. वाचून आईला ऐकवीन.

फक्त एवढंच म्हणणं होतं, की त्या १९९० साली शाळेने आईला एक वर्ग द्यायला हवा होता. दर शनिवारी एक तास. ती आली असती. शेजारच्या सगळ्या आल्या असत्या. आणि आम्हा मुलांना त्यांची अक्षरं कुणीतरी शिकवायला हवी होती. मला रोमी आली ती आईच्या त्या वहीतून, चोरून वाचून. वही माझ्याकडे आहे, इथे मुंबईत.

---

देशावरचा:

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही पाठवलेला मजकूर सकाळी साडेसहाला मिळाला. तुम्ही रात्रपाळी करून हे केलंत, कसं फेडू?

मोबाइलवरून बघून मी तो स्वतःच्या हाताने नोटिशीखाली उतरवला. शिपाईकाका, जे इतकी वर्षं माझ्याशी मराठीतच बोलत होते, ते मागे उभे राहून मोठ्याने वाचायला लागले. ते बाणावलीचे आहेत आणि रोमी वाचतात हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

मंगळवारी आंटी परत आल्या, या वेळी आधार कार्ड आणि पासबुक दोन्ही घेऊन. नोटिशीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा लावला. ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर काउंटरवर येऊन माझ्याकडे पेन मागितलं. मला वाटलं फॉर्म भरायचाय. त्या पेन घेऊन परत दाराकडे गेल्या.

मी ‘वेळ’ लिहिताना उतरवण्याच्या घाईत एकच एल लिहिला होता. त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा एल काढला, बारीक, नीट उभा. मग पेनाचं टोपण लावून मला परत दिलं आणि रांगेत जाऊन बसल्या.